दगडातले हस्ताक्षर

(आष्टी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी सीना पुढे सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. त्या संगमावर संगमेश्वराचे प्राचीन देऊळ आहे आणि त्याच्या तुळईवर एक लहानसा लेख कोरलेला आहे. काळ शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. या लेखाच्या शेवटी एक मराठी वाक्य येते : 'वाछि तो विजेया होईवा'. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात. हजार वर्षांपूर्वीच्या मराठीचा हा नमुना म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगायलाच हवा. पण आज मला त्या वाक्यातल्या पहिल्याच शब्दापाशी थांबायचे आहे. दगड वाचायचा म्हणजे नेमके काय करायचे? आपण शिलालेखाकडे जातो ते राजाचे नाव, शक आणि दानाचा तपशील काढून घेण्यासाठी. एवढे मिळाले की काम झाले असे समजतो आणि दगडाकडे पाठ फिरवतो. माझे म्हणणे असे, की शिलालेख हे आधी कुणाच्या तरी हाताचे अक्षर असते आणि नंतर मजकूर असतो. त्या हाताकडे लक्ष दिल्याशिवाय मजकूरही पुरता हाती येत नाही आणि दगड जपण्याचे खरे कारणही कळत नाही. हे मी पुराव्यानिशी मांडणार आहे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही विचारात घेणार आहे.

शिलालेख तयार कसा होतो ते आधी पाहू. त्यात तीन माणसे लागतात. एक मजकूर रचणारा. तो कवी असेल, पंडित असेल किंवा दरबारातला कारकून. दुसरा लेखक, म्हणजे रचलेला मजकूर घासून सपाट केलेल्या दगडावर खडूने, गेरूने किंवा शाईने प्रत्यक्ष लिहिणारा. ओळी किती, एका ओळीत अक्षरे किती, कडेला जागा किती सोडायची, हे तो ठरवतो. तिसरा पाथरवट. तो लेखकाच्या रेघेवरून टाकी चालवतो आणि पुसले जाणारे अक्षर कायमचे करतो. कधी ही तिन्ही कामे तीन जण करतात, कधी दोघे, क्वचित एकटा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यांपैकी पहिल्याची थोडीफार दखल घेतली जाते. सातव्या शतकातल्या ऐहोळेच्या प्रशस्तीचा कर्ता रविकीर्ती आपल्याला ठाऊक असतो, कारण तो स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या पंक्तीत बसवतो. दुसरा आणि तिसरा मात्र आपल्या नजरेतून निसटतात. वास्तविक दगडासमोर उभे राहिल्यावर डोळ्यांना जे दिसते, ते सगळे या दोघांचेच काम असते. रविकीर्तीची कविता छापील पुस्तकातही वाचता येते. लेखकाचा हात आणि पाथरवटाचा घाव पाहायचा तर दगडाकडेच जावे लागते.

हे तिन्ही वेगळे ओळखून तिघांनाही मान देणारी परंपरा पाहायची तर चीनकडे वळावे लागेल. तांग राजवटीच्या काळात यान चन-छिंग नावाचा एक अधिकारी होऊन गेला, इ.स. ७०९ ते ७८५. ७५५ साली सेनापती आन लू-शानने बंड केले तेव्हा तो सम्राटाच्या बाजूने ठामपणे उभा राहिला आणि म्हातारपणी दुसऱ्या एका बंडखोराच्या कैदेत मारला गेला. पण चिनी माणसाच्या मनात तो आहे तो त्याच्या अक्षरासाठी. त्याचा एक प्रसिद्ध लेख इ.स. ७५२चा, राजधानी छांग-आनमधल्या एका बौद्ध पॅगोड्याविषयीचा. त्या शिळेवर चार नावे आहेत. मजकूर रचला त्सन श्विनने, अक्षर लिहिले यान चन-छिंगने, माथ्यावरचे शीर्षक लिहिले श्यू हावने आणि टाकी चालवली श ह्वाने. कुणी काय केले हे प्रत्येकाच्या नावापुढे स्पष्ट नोंदले आहे. आणि आज ही शिळा कुणाची म्हणून ओळखली जाते? मजकूर रचणाऱ्याची नव्हे, अक्षर लिहिणाऱ्याची. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत यानचे अक्षर बदलत गेले. ७५२च्या लेखातली अक्षरे नेटकी, दाटीने बसवलेली आहेत. ७७९ साली त्याने आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या शिळेत आणि ७८०च्या कुलमंदिराच्या शिळेत तीच अक्षरे भरदार, रुंद खांद्यांची होतात. उभी रेघ जाड, आडवी बारीक. चाळिशीतला माणूस आणि सत्तरी गाठलेला माणूस दगडात शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतो. या तिन्ही शिळा आज शीआन शहरातल्या 'शिळांच्या वना'त आहेत. हा संग्रह इ.स. १०८७मध्ये सुरू झाला. साडेबाराशे वर्षे उलटली तरी चिनी मुले कुंचला हाती घेतात तेव्हा यानच्या शिळांचे छाप समोर ठेवून ती वळणे गिरवतात.

याच परंपरेतले दुसरे उदाहरण तर आपल्या मातीशीच नाते सांगणारे आहे. ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू इ.स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले आणि इथल्या माणसांच्या मानी स्वभावाची नोंद करून ठेवली. भारतातून नेलेल्या बौद्ध ग्रंथांचे भाषांतर त्याने मायदेशी सुरू केले तेव्हा सम्राट तायचुंगने त्या भाषांतरांना प्रस्तावना लिहून दिली. ही प्रस्तावना दोन वेगवेगळ्या ठिकाणी दगडावर आली. इ.स. ६५३ची शिळा छू स्वेइ-ल्यांग या दरबारी लेखकाच्या हातची आहे. दुसरी ६७२ची, आणि तिची गोष्ट विलक्षण आहे. ह्वाय-रन नावाच्या भिक्षूला ही प्रस्तावना वांग शी-चि याच्या अक्षरात हवी होती. वांग शी-चि चौथ्या शतकातला. त्याला जाऊन तीनशे वर्षे झालेली. मग ह्वाय-रनने त्याच्या जुन्या पत्रांतून आणि लेखांतून एकेक अक्षर शोधले, जे मिळाले नाही ते दोन-तीन अक्षरांचे भाग जुळवून तयार केले आणि अशी सुमारे १९०० अक्षरे जमवून तो मजकूर उभा केला. या कामाला पंचवीस वर्षे लागली असे परंपरा सांगते. आता पाहा, मजकूर एकच आहे, सम्राटाचाच. तरी चिनी परंपरेने या दोन शिळांना दोन स्वतंत्र कृती मानले, कारण हात दोन आहेत. दगड म्हणजे केवळ मजकुराची पेटी असती, तर दुसरी शिळा घडवण्याचे कारणच उरले नसते.

इथे कुणीही विचारील, की हे सारे चीनचे झाले. आपल्याकडे असे काही होते का? होते. सम्राट अशोकाचे लेख कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी, सिद्दापूर आणि जटिंग-रामेश्वर येथे आहेत. तिथे लेख संपताना लिपिकाराने स्वतःचे नाव घातले आहे : चपड. आणि त्याने केलेली एक गोष्ट तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. सगळा लेख ब्राह्मी लिपीत, डावीकडून उजवीकडे जाणारा. पण 'लिपिकराने' या अर्थाचा शेवटचा शब्द त्याने खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे लिहिला. खरोष्ठी ही दूर वायव्येची लिपी. दक्षिणेत ती वाचणारे कितीसे असणार? तरीही सम्राटाच्या आज्ञेच्या शेवटी या माणसाने आपली दोन लिप्यांची विद्या नोंदवून ठेवली. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही सहीच आहे. पाचव्या शतकातल्या कदंबांच्या तालगुंद स्तंभावर कवी कुब्ज सांगतो, की हे काव्य रचले मी आणि दगडावर लिहिलेही मीच. बंगालमधल्या देवपाडा प्रशस्तीत पाथरवट शूलपाणीचा उल्लेख वरेंद्रातल्या शिल्पीगोष्ठीचा चूडामणी असा येतो. आपल्या विदर्भातल्या वाकाटकांच्या काळात अक्षराच्या माथ्यावर छोटा चौकोन काढण्याची रीत होती; अभ्यासक तिला पेटिकाशीर्ष म्हणतात. त्या चौकोनाने शब्दाचा अर्थ तसूभरही बदलत नाही. एकेका अक्षरावर ते चौकोन काढत बसण्याचे कष्ट माणूस घेतो, ते अक्षर देखणे व्हावे एवढ्यासाठीच. चिन्यांसारखी गुरुशिष्यांची नोंद, हातांची तुलना करणारे ग्रंथ आपल्याकडे झाले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. उणीव होती ती पाहण्याच्या सवयीची. अक्षराची हौस आणि कसब आपल्या लोकांत पुरेपूर होते.

ही सवय नसल्याने काय बिघडते, याचा सर्वांत बोलका पुरावा श्रवणबेळगोळचा आहे. गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायथ्याशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे मराठी वाक्य आहे हे आपण शाळेपासून ऐकतो. गंगांचा मंत्री चावुंडराय याने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस करवली. म्हणून हे वाक्यही त्याच वेळचे, इ.स. ९८३च्या सुमारचे, असे पुष्कळ काळ धरले गेले आणि मराठीचा पहिला कोरीव लेख म्हणून त्याचा गौरव झाला. मजकूर वाचणाऱ्याला यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढणे अवघडच होते, कारण वाक्य तसेच सांगते. पण त्याच ठिकाणी दुसरी ओळ आहे, 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें', म्हणजे गंगराजाने भोवतालचे आवार बांधवले. हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याचे काम बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. अभ्यासकांनी दोन्ही ओळींतली अक्षरे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा वळण एक, आकार एक, हात एकाच काळाचा असे दिसून आले. म्हणजे चावुंडरायाची ओळही इ.स. १११७च्या सुमारास, मूर्तीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. मजकूर खोटा नव्हता. मूर्ती चावुंडरायानेच करवली होती. पण तो लिहिला केव्हा हे मजकुराने सांगितले नाही, ते हाताने सांगितले. त्यानंतरच कोकणातल्या आक्षीच्या आणि आपल्या कुडलच्या लेखांकडे आद्य मराठी लेख म्हणून लक्ष वळले. आक्षीच्या शिळेचा शक कोणता वाचायचा यावरही अभ्यासकांत मतभेद झाले आणि तो वादही अंकांच्या आणि अक्षरांच्या वळणावरच लढला गेला. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात तर चालू शकाचा उल्लेखच नाही. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला की पहिल्या, ही चर्चा ब्राह्मी अक्षरांच्या घडणीवरूनच झाली. आपल्या भाषेचा आणि प्रदेशाचा जन्मकाळ ठरवताना साक्ष काढली गेली ती हस्ताक्षराची.

आता आपल्या बीड जिल्ह्यात येऊ. अंबाजोगाई ही यादवकालीन शिलालेखांची मोठी जागा. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याची माहिती आपल्याला प्रामुख्याने तिथल्या लेखांतून मिळते. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधले, असे इ.स. १२४०चा लेख सांगतो. भावासाठी बहिणीने उभारलेल्या या स्मारकाची हकिगत हृदय हलवणारी आहे. पण ती वाचायला जो उभा राहील त्याला यादवकालीन नागरीचे वळण माहीत हवे. त्या काळच्या लेखांत ठिकठिकाणी पडिमात्रा येते : आपण जी मात्रा अक्षराच्या डोक्यावर देतो, ती तिथे अक्षराच्या आधी उभ्या काठीसारखी दिलेली असते. 'देव' हा शब्द डोळ्यांना 'ादव' असा दिसतो. त्याआधी 'र' असेल तर नवखा वाचक ती काठी 'र'ला जोडून 'रा' वाचतो आणि पुढे 'दव' काय हे कळेना म्हणून अडखळतो. दुसरी अडचण आपल्या दगडाची. बालाघाटच्या डोंगराचा काळा पाषाण लाव्हारसाचा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि दगडाला बारीक छिद्रे पडली. अशा दगडावर अक्षराच्या डोक्यावरचे टिंब अनुस्वार आहे की निसर्गाने पाडलेले छिद्र, हे लांबून सांगता येत नाही. दगडाला कडेने तिरपा उजेड दिला, बोट फिरवून पाहिले, की फरक कळतो. टाकीने पाडलेल्या टिंबाच्या कडा एकसारख्या उतरत्या असतात आणि त्याच लेखातल्या इतर अनुस्वारांशी त्याची खोली जुळते. छिद्र वेडेवाकडे असते. एका अनुस्वाराने गावाचे नाव बदलते, अनेकवचनाचे एकवचन होते. म्हणजे शेवटी पाथरवटाच्या घावाची ओळखच मजकुराचा निकाल लावते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की चिनी लिपी चित्रासारखी असल्याने तिथे अक्षरकला फुलली. आपली लिपी ध्वनीची, आपली संस्कृती श्रुतीची, पाठांतराची, म्हणून अक्षराला इथे फक्त वाहनाचे मोल. आपली परंपरा पाठांतराची होती हे खरे. पण लिपी ध्वनीची असली की अक्षरकला संभवत नाही, हे म्हणणे टिकत नाही. अरबी लिपीही ध्वनीचीच आहे. नगरच्या दमडी मशिदीत कुराणातल्या वचनांची जी दगडी अक्षरे आहेत ती पाहावीत. अरबी-फारसी शिलालेखांत बहुधा अक्षर खोदत नाहीत. भोवतालचा दगड खणून अक्षर उठावाचे ठेवतात, म्हणजे पाथरवटाचे कष्ट कितीतरी वाढतात. ताजमहालासारख्या वास्तूवर ज्या एकाच कारागिराने आपले नाव कोरले, तो अक्षरे लिहिणारा अमानत खान आहे. ना कुणी स्थपती, ना कुणी शिल्पी. आणि आपल्या मराठीचे म्हणाल, तर अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आहे. इ.स. १५५१ ते १६१५ या काळात होऊन गेलेल्या या संतकवीने 'पंचीकरण' हा ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद खादीच्या पासोडीवर लिहिला. केवळ मजकूर टिकवायचा असता तर पोथीची पाने पुरेशी होती. एवढ्या मोठ्या कापडावर ओव्या आणि आकृत्या मांडणाऱ्या माणसाला लिहिणे हीच उपासना वाटत असली पाहिजे. दगड नसला तरी ही वृत्ती तीच आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. दगडावर दिसते ते लेखकाचे अक्षर असते कुठे? टाकीने ते बदललेले असते. मग त्याला हस्ताक्षर म्हणणे कितपत बरोबर? हा आक्षेप चीनमध्येच नऊशे वर्षांपूर्वी घेतला गेला आहे. मी फू या अकराव्या शतकातल्या थोर अक्षरकाराने बजावले होते, की दगडावरून अक्षर शिकू नये; स्वतः लिहून दुसऱ्याकडून कोरवले की ते आपले अक्षर राहत नाही, म्हणून मूळ शाईचेच पाहावे. यान चन-छिंगचे नाव घेऊनच तो म्हणतो, की यान आपल्या घरच्या नोकराकडून अक्षरे कोरवत असे आणि त्या नोकराने धन्याला काय आवडेल ते ओळखून रेघांची टोके बदलली. मी फूचे निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. त्या नोकराने केलेला फरक मी फूला ओळखता आला, याचाच अर्थ दगडात दोन हात वेगवेगळे वाचता येतात. हे तर दुहेरी धन झाले. आपल्याकडे शाईचे मूळ बहुतेक ठिकाणी उरलेलेच नाही. उरला आहे तो दगड. त्यात वळण लेखकाचे आहे आणि घाव पाथरवटाचा. कठीण काळ्या पाषाणात गोल वळण काढताना टाकी अडते, वर्तुळाचा कोन होतो, लांब काठी सरळ उतरते. अक्षर टोकदार झाले ते लेखकाच्या सवयीने की दगडाच्या कठीणपणाने, हे ठरवणे हाच वाचनाचा अर्धा भाग आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो. अक्षरालाही टिकाऊपण येते ते त्याच घावांनी. त्यात मूळचे काही हरवते हे खरे, पण घाव घालणारा माणूस त्यात उमटतो हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. लेखांचे वाचन झाले, ते ग्रंथांत छापले गेले. अभ्यासक तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ १९६३ सालीच निघाला. आता मूळ दगड झिजला, रंगवला गेला, तर काय बिघडले? बिघडते ते असे, की छापील वाचन म्हणजे एका अभ्यासकाचा एका वेळचा निर्णय असतो. श्रवणबेळगोळचे वाचन पहिल्यापासूनच बरोबर होते. चुकले होते ते काळाचे अनुमान, आणि ते दुरुस्त झाले दगडावरचे वळण शाबूत होते म्हणून. तिथे कुणी तैलरंगाचे दोन हात दिले असते तर ती दुरुस्ती कधीच झाली नसती. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखाचे उदाहरण आपल्या वारकरी भागाला सांगायलाच नको. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या वर्षांत विठ्ठलाच्या देवळाला दान देणाऱ्यांची नावे त्या शिळेवर आहेत. तिला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या भाविकांच्या पाठींनी ती अक्षरे झिजवली. त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्या शिळेवर ज्यांची नावे आहेत तेही विठ्ठलाचेच भक्त होते. आपले नाव देवापाशी राहावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ते नाव आपल्याच पाठीने पुसले गेले. शेंदराचे थर, तेलाची पुटे, चुना, चकचकीत रंग, फरशी बसवताना केलेला सिमेंटचा गिलावा हे सगळे माणसे प्रेमाने आणि जीर्णोद्धाराच्या भावनेनेच करतात. पण अक्षरांच्या खाचा भरल्या, की दगडाचा आवाज बंद होतो.

मग करायचे काय? चिनी परंपरेने यावर तोडगा काढला तो ठशाचा, आणि आपले पुराभिलेखतज्ज्ञही तोच वापरतात. दगड मऊ ब्रशने व पाण्याने स्वच्छ करायचा. पातळ पण चिवट कागद ओला करून त्यावर अंथरायचा. ब्रशने हलके-हलके ठोकत कागद प्रत्येक खाचेत बसवायचा, म्हणजे अक्षराच्या जागी कागद आत दबतो. पाणी ओढले गेले, पण कागद अजून दमट आहे, अशा वेळी कापडाच्या गादीला काळी शाई लावून वरवर थापायची. वर आलेला भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात. कागद सोडवला की दगडावरचे अक्षर मूळ मापात, वळणासह आणि घावासह हाती येते. छायाचित्रात उजेडाची फसगत होते, ठशात ती होत नाही. याला मर्यादाही आहे : चीनमधल्या काही प्रसिद्ध शिळा शतकानुशतके ठसे घेतल्यानेच झिजल्या, आणि आज सर्वांत जुन्या ठशांना अधिक मोल आले. म्हणून ठसा जाणकाराच्या हातूनच, परवानगी घेऊन आणि मोजकाच घ्यावा. आज तिरप्या उजेडात अनेक कोनांतून छायाचित्रे काढून संगणकावर दगडाचा पृष्ठभाग उभा करता येतो आणि त्यात दगडाला स्पर्शही होत नाही. गावकऱ्यांनी करायचे काम याहून सोपे आहे. पारावर, वेशीपाशी, बारवेच्या पायरीला अक्षरांचा दगड दिसला तर तो हलवू नये, रंगवू नये, घासू नये, अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत चुना भरू नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या कलत्या उन्हात त्याची छायाचित्रे काढावीत, मापाची पट्टी शेजारी ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवावे.

शेवटचा आक्षेप मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या तालुक्यात दर काही वर्षांनी पावसाची वाट पाहावी लागते, कोयता घेऊन माणसे ऊसतोडीला परमुलखात जातात, तिथे दगडावरच्या अक्षरांची चिंता करायला कुणाला वेळ आहे? या प्रश्नाला मी एवढेच म्हणेन, की या दगडांवरची अक्षरे आपल्यासारख्याच राबणाऱ्या हातांची आहेत. कोरीव लेखांतला राजा आपला कुणी लागत नाही. टाकी चालवणारा पाथरवट मात्र आपला आहे. कष्टकऱ्यांच्या श्रमाच्या खुणा इतिहासात सहसा उरत नाहीत. पीक खाल्ले जाते, घर पडते, रस्त्यावर दुसरा रस्ता येतो. आठशे-हजार वर्षांपूर्वी या मुलखात राबलेल्या एका माणसाच्या हाताचा एकेक फटका आजही जसाच्या तसा दिसतो, अशी जागा शिलालेखाइतकी दुसरीकडे क्वचितच सापडेल. चिन्यांनी आपल्या शिळांवर लिहिणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नाव टाकले आणि ते लक्षात ठेवले. आपल्याकडे अनेक ठिकाणी नाव नाही; पण नाव नसले तरी हात आहे, आणि हात ओळखणे आपल्या हाती आहे. त्याला पैसा लागत नाही, डोळे लागतात. शाळेतल्या मुलांना एका दुपारी गावातला वीरगळ किंवा लेख दाखवून 'यातला सर्वांत खोल घाव कोणता, लेखकाने जागा पुरत नाही म्हणून अक्षर कुठे आखडले' एवढे विचारले, तरी त्यांना इतिहासात माणूस भेटेल.

सीनेच्या काठचे आपण लोक. हेच पाणी ज्या संगमावर पोहोचते तिथल्या तुळईवर वाचणाऱ्याला विजयाचे आश्वासन दिलेले आहे. ते ज्याने लिहिले त्याला कळत होते, की अक्षर कोरून काम निम्मेच होते; उरलेले निम्मे वाचणारा करतो. म्हणूनच त्याने आपल्या लेखाचा शेवट आपल्याला, म्हणजे पुढे कधीतरी येणाऱ्या वाचकाला, उद्देशून केला. हजार वर्षे तो आपल्या वाट्याच्या निम्म्या कामाची वाट पाहत आहे. मजकूर वाचून आपण त्यातले काही केले. त्याचा हात वाचायचा अजून राहिला आहे.